मी काहीच केलं नाही

"बाई, मी काहीच केलं नाही हो. आपोआपच बंद पडलं."

घरच्या संगणकाचं कुठलंही दुखणं माझ्यापर्यंत येतं ते हे वाक्य पुढे घालूनच. बोलणारी शेजारची वहिनी असो, पलीकडच्या आळीतले निवृत्त वकील असोत की आमचे हे असोत, वाक्यात काना-मात्रेचा फरक नसतो. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे हे वाक्य मला नवं नाही. फुटलेल्या काचेशेजारी उभ्या असलेल्या सातवी 'ब'ने ते मला वर्षानुवर्षं ऐकवलंय. पण सातवी 'ब' खोटं बोलत असे आणि आपण खोटं बोलतोय हे तिला चांगलं ठाऊक असे. संगणकासमोर बसलेला माणूस अगदी मनापासून खरं बोलत असतो. त्याने काहीच केलेलं नसतं. मधेच एक चौकट आली, तिला त्याने 'ओके' म्हटलं. टेबल पुसताना मागची वायर फडक्याबरोबर जराशी पुढे आली. नातवाने पाच मिनिटं गेम खेळला. यातल्या कशालाच 'करणं' म्हणत नाहीत.

लोक माझ्याकडे का येतात, याचं मूळ २००३ सालात आहे. एमएस-सीआयटी नावाचा अभ्यासक्रम तेव्हा सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि नोकरदार माणसांत त्याची लाटच आली होती. शाळेतल्या आम्ही सगळ्यांनी तो केला. संध्याकाळी पदर खोचून माऊस धरायला शिकलो. मला त्यात चांगले मार्क पडले आणि ते प्रमाणपत्र आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फ्रेम करून पडवीत लावलं. चूक तिथेच झाली. त्या प्रमाणपत्रावर 'ही बाई प्रिंटर दुरुस्त करते' असं कुठेही लिहिलेलं नाही. केंद्रात एक प्रिंटर होता हे खरं, पण तो कायम कापडाने झाकलेला असे आणि आम्ही त्याला लांबूनच ओळखत होतो. तरी पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्याने फ्रेम वाचली आणि वीस वर्षांत मी या आळीची वैदू झाले.

वैदूपणात मी एकच गोष्ट नीट शिकले, ती म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. "काय केलंत?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो आणि पुढचा अर्धा तास स्वतःची बाजू मांडण्यात जातो. त्याऐवजी विचारायचं, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" आणि मग अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "त्यानंतर घरात काय नवीन आलं?" रोग बहुतेक वेळा या दुसऱ्या उत्तरात असतो. नवीन टीव्ही आला, त्यासाठी प्लग हवा होता. नवीन सून आली, तिने टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. एकदा तर नवीन काही आलं नव्हतं, उलट गेलं होतं: घरातला उंदीर एकदाचा पकडला गेला होता, पण जाण्यापूर्वी तो माऊसची वायर कुरतडून गेला होता.

आमच्या घरातला सगळ्यात जुना रोगी म्हणजे प्रिंटर, आणि त्याचे मालक म्हणजे आप्पा. आप्पा पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. टपाल हाताने शिक्का मारून सोडायचं असतं, या श्रद्धेचा माणूस. ई-मेलला ते पत्र मानत नाहीत. वर्तमानपत्रात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या की संपादकांना पत्र लिहायचं, ते छापील हवं, खाली सही शाईची हवी, आणि पाकिटावर तिकीट हवं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते मराठी टंकलेखन शिकले ते याच एका ध्येयासाठी.

त्यांना मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला. तो शिकायला सोपा, कारण त्याची मांडणी आपल्या बाराखडीच्या हिशेबाने केलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आप्पा आठ दिवसांत बऱ्यापैकी लिहायला लागले आणि नवव्या दिवशी अडले. 'ऱ्हस्व' हा शब्द येईना. र, हलन्त, ह असं ओळीने दाबलं की र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा. शुद्धलेखनावर पत्र लिहिणाऱ्या माणसाला 'ऱ्हस्व' लिहिता येत नाही, म्हणजे काय! मग मी त्यांना सांगितलं, की या कीबोर्डवर र दोन आहेत. साधा र, आणि शिफ्ट दाबून येणारा, पोटात ठिपका असलेला ऱ. 'दुसऱ्या', 'पुऱ्या', 'ऱ्हस्व' यांना तो ठिपक्याचा लागतो. 'आचार्य' आणि 'सूर्य' यांना साधा. आप्पा दोन मिनिटं गप्प बसले. "म्हणजे आचाऱ्याला शिफ्ट आणि आचार्याला नाही," ते म्हणाले, आणि हा नियम त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

जुन्या फाँटांपेक्षा हे पुष्कळच बरं म्हणायचं. उत्सवाच्या निमंत्रणाचा मजकूर एकदा छापखान्यातून आला तो उघडल्यावर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा. आप्पांना वाटलं, देवस्थानाने परदेशी देणगी मागितली आहे. जुन्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट ज्याच्याकडे नाही, त्याला आकार निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची घरं मिळाली आणि हा प्रकार कमी झाला. पूर्ण थांबला म्हणणार नाही, छापखान्यांची गणितं वेगळी असतात.

आता प्रिंटर. आमचा पहिला शाईचा होता. शाईच्या प्रिंटरच्या तोंडाला केसाहून बारीक भोकं असतात आणि त्यांतून थेंब उडतात. कॅननमध्ये १९७७ साली एका संशोधकाच्या हातून तापलेला सोल्डरिंग आयर्न शाईच्या पिचकारीच्या सुईला लागला, सुईतून शाई उडाली, आणि उष्णतेने शाई फेकता येते हे तिथे सुचलं, अशी त्याच्या जन्माची कथा सांगतात. जन्म सुईतून झाला आणि आपल्याकडे त्याचं पोषणही सुईतूनच झालं: बाजारातला रिफिलवाला कार्ट्रिजला इंजेक्शन द्यायचा तेव्हा आप्पा शेजारी उभे राहून "दुखत नाही ना रे" असं प्रिंटरला विचारायचे. या जातीचा एकच मोठा रोग. वापरला नाही की बारीक भोकांतली शाई वाळते. साफ करायची सोय आत असते, पण ती सफाईही शाई खर्चूनच होते. म्हणजे न वापरल्याने बिघडतो आणि दुरुस्त करताना संपतो. मी तोडगा काढला होता: आठवड्याला एक रंगीत पान काढायचं. त्यासाठी दर गुरुवारी दत्ताचं चित्र छापलं जाई. वर्षभरात घरात पन्नास दत्त झाले आणि ते टाकून कसे द्यायचे हा नवाच प्रश्न उभा राहिला.

कोकणातल्या पावसात प्रिंटरपेक्षा कागद जास्त आजारी पडतो. जूनमध्ये उघडलेली पाचशे कागदांची रीम जुलैत हाताला फडक्यासारखी लागते. कागद हवेतलं पाणी पितो, कडेला वळतो, एकाला एक चिकटतो, आणि प्रिंटर एकाच्या जागी तीन ओढतो व घास अडकल्यासारखा थांबतो. अशा वेळी आत बोटं घालून कागद हिसकायचा नसतो. मागचं झाकण उघडून, कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी सावकाश काढायचा. तुकडा आत राहिला तर पुढचा प्रत्येक कागद त्या तुकड्याला भेटायला थांबतो. कागद कोरडा ठेवायला मी उडदाच्या पापडांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला. उपाय लागू पडला. आमच्या घरच्या सगळ्या अर्जांना तेव्हापासून हिंगाचा वास येतो.

एकदा कागद नव्हताच अडकला. कर्र असा आवाज आला, थांबला, पुन्हा कर्र. झाकण उघडलं तर आत पालीचं शेपूट वळवळत होतं, आणि पाल स्वतः मागच्या बाजूने मोकळी होऊन भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होती. हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या अजस्र यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी रिलेमध्ये एक पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला आणि 'बग' हा शब्द सांगताना ती गोष्ट आजही सांगितली जाते. माझ्याकडेही नोंदवही आहे. पण शेपूट डकवायला हे तयार झाले नाहीत.

या सगळ्या दुखण्यांना निदान देह तरी आहे. हात घालून काढता येतात. खरी परीक्षा सुरू झाली ती घरात दुसरा संगणक आल्यावर.

आमचं घर जुनं, जांभ्याचं. भिंती हातभराहून जाड. जांभा म्हणजे लोखंडाने भरलेला दगड, त्यातून पावसाळ्यात ओला. वाय-फायला अडवायला याहून चांगला माल शोधून सापडणार नाही. राउटर माजघरात, प्रिंटर आप्पांच्या पडवीत, आणि मधे भिंत, लोखंडी कपाट व साठवणीच्या तांदळाचं पिंप. राउटर उंचावर आणि घराच्या मध्यभागी ठेवावा हे मला माहीत होतं. घराच्या मध्यभागी उंचावर देवघराची फळी आहे. "देवांच्या डोक्यावर दिवे लुकलुकणार?" आप्पांनी विचारलं. शेवटी देव आणि राउटर समोरासमोरच्या भिंतींवर आले आणि कपाट हलवलं. पडवीत एक दांडी जास्त दिसायला लागली.

तोपर्यंत प्रिंटर वायरने आप्पांच्या संगणकाला जोडलेला होता आणि माझ्या लॅपटॉपवरून त्याला नेटवर्कमधून गाठायचं होतं. जुन्या लॅपटॉपला हे जमत असे, कारण विंडोज सात या २००९ च्या आवृत्तीत 'होमग्रुप' नावाची सोय होती. एकदा एक लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून घेतला की घरातले संगणक एका कुटुंबात दाखल. २०१८ मध्ये मी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याच वर्षी विंडोज दहामधून होमग्रुप काढून टाकला गेला. एकत्र कुटुंब मोडलं. दोन्ही संगणक एकाच छताखाली, एकाच राउटरवर, आणि एकमेकांचं तोंड बघेनात.

मी वही घेऊन बसले. पहिलं कारण सापडलं: माझ्या लॅपटॉपने आमच्या घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं होतं. नवीन जागी गेल्यावर तो विचारतो, ही जागा खासगी की सार्वजनिक? मी घाईत काहीतरी दाबलेलं. त्यामुळे तो स्वतःच्या घरात एस.टी. स्टँडवर बसल्यासारखा पिशवी छातीशी धरून बसला होता. 'प्रायव्हेट' केलं, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग चालू केलं, आणि आप्पांचा संगणक दिसला. दिसला, पण आत घेईना. नाव आणि पासवर्ड मागू लागला. आप्पांच्या संगणकाला पासवर्डच नव्हता. "घरात चोर कोण आहे?" हे त्यांचं त्यामागचं म्हणणं. मी जागा रिकामी ठेवून 'ओके' केलं. नाही. तीनदा केलं. नाही.

मग कळलं ते इतकं मजेशीर होतं, की मी उठून आप्पांना सांगायला गेले. विंडोजचा नियम असा, की ज्या खात्याला पासवर्ड नाही त्यावर प्रत्यक्ष समोर बसून कुणीही यावं, पण नेटवर्कमधून नाही. दाराला कुलूपच नाही, म्हणून पाहुण्याला आत घेता येत नाही! कुलूप लावा, किल्ली पाहुण्याला द्या, मग तो येईल. आप्पांनी नाइलाजाने पासवर्ड ठेवला. तो काय ठेवला हे सांगत नाही, पण पोस्टातल्या माणसाच्या मनात सहा आकडे म्हटल्यावर जे येतं तेच.

उलट्या दिशेनेही गंमत झाली. आप्पांना माझ्या लॅपटॉपमधले लग्नाचे फोटो बघायचे होते. तिथे मी रोज चार आकडी पिन घालते. ती त्यांनी घातली, चालली नाही. पिन ही त्या एका यंत्रापुरतीच असते, लांबून यायचं तर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि तो, पिन आल्यापासून, मी एकदाही टाईप केलेला नव्हता. माझ्याच घरात मला शिरता येईना. मी आप्पांना म्हटलं, "मी काही बदललं नव्हतं हो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

हे सगळं जमलं आणि दोन महिने सुखाचे गेले. एकच अडचण राहिली. प्रिंटर आप्पांच्या संगणकामार्फत चालायचा, त्यामुळे तो संगणक जागा असणं आवश्यक. दुपारी जेवणानंतर आप्पा झोपत, दहा मिनिटांनी त्यांचा संगणकही झोपे, आणि शेजारच्या मुलीचा फॉर्म नेमका अडीच वाजताच भरायचा असे.

म्हणून २०१९ मध्ये वाय-फायवर चालणारा लेझर प्रिंटर आणला. त्याला कुणाच्याही संगणकाची मध्यस्थी नको, तो थेट राउटरशी बोलतो. टोनरची पूड असते, वाळत नाही, कमी झाल्याचं सांगू लागला तर कार्ट्रिज काढून आडवं हलवलं की आणखी पुष्कळ पानं देतो. मी निवांत झाले. चौथ्या दिवशी आप्पांच्या पडद्यावर अक्षरं आली: 'प्रिंटर ऑफलाइन'. प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून बसलेला. दोघांमध्ये चार फुटांचं अंतर.

याचं कारण समजावताना मला पहिल्यांदा आप्पांच्या नोकरीचा फायदा झाला. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे आकडे फक्त घरातल्या घरात चालणारे, बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही, म्हणून जगातल्या लाखो घरांत तेच पत्ते सुखाने नांदतात. पण राउटर पत्ता कायमचा देत नाही, भाड्याने देतो. रात्री वीज गेली, सगळे बंद पडले, सकाळी उठल्यावर ज्याने आधी मागितला त्याला आधीचा पत्ता मिळाला. कालचा प्रिंटरचा पत्ता आज ह्यांच्या मोबाइलला. संगणक बिचारा जुन्या पत्त्यावर पत्र टाकतो, तिथे प्रिंटर राहतच नाही, म्हणून तो 'ऑफलाइन' असा शेरा मारून परत येतो.

आप्पा खुर्चीत सरळ बसले. "पत्ता रोज बदलतो? आणि बदलल्याचं पोस्टाला कळवत नाहीत?"

"नाही."

"मग हे चालतं कसं इतके दिवस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपाय मात्र होता. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या नावावर एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो.

"म्हणजे पोस्ट बॉक्स घेतला म्हण ना," आप्पा म्हणाले. मी तीन पानांच्या पुस्तिकेतून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात मोडीत काढलं.

एखाद्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही तर ते स्वतःच स्वतःला एक देतं, १६९.२५४ ने सुरू होणारा. हजेरीपटात नाव न सापडलेला मुलगा स्वतःचा नंबर स्वतःच ठरवून मागच्या बाकावर बसतो, तसं. हे आकडे दिसले की समजायचं, राउटरने याला ओळखलेलं नाही. बाकी काही तपासू नये.

ऑफलाइनच्या पोटी आणखी एक रोग जन्माला येतो आणि तो पूर्णपणे मानवी आहे. एकदा 'प्रिंट' म्हटलं, काही आलं नाही. माणूस काय करतो? पुन्हा म्हणतो. मग जोरात म्हणतो, म्हणजे बटण जोरात दाबतो. प्रत्येक वेळी ते पत्र स्पूलर नावाच्या छाननीच्या खोलीत जाऊन रांगेत उभं राहतं. एखादं मधलंच पत्र बिघडलेलं असलं की मागचं सगळं टपाल तुंबतं, आणि ते पुसायला गेलं तर नुसतं 'डिलीटिंग' असं लिहून तासभर बसतं. तेव्हा 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवायचं, विंडोजच्या 'सिस्टीम ३२' मधल्या 'स्पूल' या फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे, त्यातला माल काढून टाकायचा, फोल्डर तसंच ठेवायचं, आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचं. मी हे झोपेतही करीन. पण हे न करता कुणी नुसती वायर नीट बसवली, तर रांगेतलं सगळं एकदम बाहेर येतं. आमच्या वकिलांच्या घरी भाडेकराराच्या अठरा प्रती अशाच आल्या होत्या, आणि ट्रेमधला कागद संपला म्हणून अठरावर थांबल्या.

प्रिंटरवर चिडून माणूस काय करू शकतो याची माझी आवडती गोष्ट अमेरिकेतली आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांच्याकडे झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि वरचेवर अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननी अशी सोय केली होती, की कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जाईल. नव्याचा मूळ प्रोग्रॅम मात्र कुणी देईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण न देण्याचं वचन देऊन बसल्यामुळे त्यानेही नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' जाहीर केलं आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. अडकलेल्या कागदावरून माझ्या हातून आजवर फक्त एक पोळी करपली आहे.

आणि हो, "बंद करून चालू करा." या सल्ल्याला लोक हसतात. मला वाटतं तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत दिवसभर नोंदी साचत जातात, एखादी चुकते, तिच्यावर पुढची बेतली जाते, आणि मग उदाहरण कितीही सोडवलं तरी उत्तर येत नाही. फळा पुसून पहिल्यापासून मांडलं की येतं. फक्त वायर काढल्यावर अर्धा मिनिट थांबावं, कारण आतल्या कंडेन्सरमध्ये वीज जरा वेळ रेंगाळते. आणि विंडोज आठपासून एक विनोद झाला आहे. 'शट डाउन' म्हटलं तरी लवकर उठता यावं म्हणून संगणक बराचसा फळा तसाच झाकून ठेवतो. सगळा पुसायचा तर 'रीस्टार्ट' म्हणावं लागतं. रोज रात्री इमानाने संगणक बंद करणारे माझे हे, तीन महिने तोच फळा वापरत होते.

यंदा जूनमध्ये घरी फायबर आलं. आधीचं इंटरनेट तांब्याच्या तारेतून यायचं, आणि वळवाच्या पावसात पहिली वीज चमकली की सगळं घर "वायर काढ!" असं ओरडायचं. दोन मोडेम विजेत गेलेत आमचे. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज धावत येत नाही, हे मी आप्पांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ढग गडगडल्यावर तीही वायर काढली. आता शहाऐंशीचे आहेत, काय बोलणार. भिंतीतला प्लग तेवढा काढा, तिथून अजून धोका आहे, एवढ्यावर तडजोड झाली.

फायबर जोडणारा मुलगा आला, दहा मिनिटांत नवा राउटर लावला, माझ्या लॅपटॉपवर आणि सगळ्यांच्या मोबाइलवर स्वतःच पासवर्ड घालून दिला, चहा नको म्हणाला आणि गेला. आणि प्रिंटर गेला.

आठ दिवस मी त्याच्यामागे होते. रीस्टार्ट केला. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. कागदाचा आकार बघितला, कारण काही वेळा ड्रायव्हर अमेरिकन 'लेटर' मागत बसतो, जो आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो, आणि ट्रे भरलेला असूनही प्रिंटर कागद मागतो. ते ठीक होतं. वायर, झाकण, पाल, सगळं बघितलं. आप्पांची पत्रं लिहून होत होती आणि जात नव्हती. आठव्या दिवशी मी पुण्याला पुतणीला फोन केला. हिला लहानपणी मीच माऊस धरायला शिकवलं.

"काय झालं, काकू?"

"अगं, प्रिंटर बंद पडलाय. मी काहीच केलं नाही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. ती शांतता मला ओळखीची होती. मीच ती पाळते.

"बरं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "शेवटचा नीट कधी चालला होता?"

"मागच्या मंगळवारी."

"आणि त्यानंतर घरात काय नवीन आलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि भिंतीवर, देवांच्या समोर, नव्या राउटरचे दिवे दिसले.

तिने मला प्रिंटरला हातही लावू दिला नाही. राउटरच्या बुडाखालचा कागद भिंगाने वाचून दाखवायला लावला, त्यावरच्या नाव-पासवर्डने आत शिरायला लावलं, आणि नव्या राउटरच्या वाय-फायला जुन्या वाय-फायचं नाव व जुनाच पासवर्ड द्यायला सांगितला, अक्षरन् अक्षर तोच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना, तेवढं बघून घेतलं, कारण आमच्या प्रिंटरला तो एकच कळतो. मग पोस्ट बॉक्स जुन्याच क्रमांकाचा राखून ठेवला. "आता त्याच्या दृष्टीने घरात काहीच बदललेलं नाही, काकू," ती म्हणाली. "बघा, बोलेल."

पडवीत घुर्र असा आवाज झाला. हिंगाचा वास आला. एक कागद बाहेर पडला, मग दुसरा, मग तिसरा. आठ दिवसांपूर्वी आप्पांनी संपादकांना लिहिलेलं पत्र, सात प्रतींत.

आप्पांनी पहिली प्रत उचलली, खिडकीशी नेली आणि वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग ती माझ्या हातात दिली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'ऱ्हस्व'मधल्या ह च्या डोक्यावर रफार बसला होता. सातही प्रतींवर.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. आप्पा माझ्याकडे बघत होते.

"मी काहीच केलं नाही," ते म्हणाले.